फोनची घंटी हळू वाजावी म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तबकडीचा जुना फोन मराठवाड्यातून अजून पुरता हद्दपार झालेला नाही. मोंढ्यातल्या एखाद्या अडतीवर, वाड्याच्या ढाळजेत, जुन्या दवाखान्याच्या खिडकीशी तो बसलेला असतो आणि वाजला की अख्ख्या आळीला कळतं. त्याची घंटी हळू करायला एक्स-रेच्या फिल्मची पट्टी आणि घोंगडीचा तुकडा पुरतो. या पट्टीविषयी जे तेच ते प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. फोन मुका करायचा नाही, त्याचा कर्कशपणा तेवढा काढायचा, हे धरून चालू.

ही घंटी एवढी कर्कश का वाजते?

कुणाचा फोन आला की एक्स्चेंज तारेवर साधारण 75 व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा पालटत राहणारी वीज, सोडतं. त्याची आवर्तनं सेकंदाला 25. फोनच्या पोटात दोन कॉइल, एक कायमचं चुंबक आणि त्यांच्यापुढे डुलणारी बारीक हातोडी असते, आणि हातोडीच्या दोन बाजूंना घंटीच्या दोन वाट्या. वीज एका दिशेने गेली की हातोडी डाव्या वाटीवर आपटते, दिशा पालटली की उजव्या वाटीवर. म्हणजे सेकंदाला 50 टोले. आपल्याकडची रिंग 0.4 सेकंद वाजते, 0.2 सेकंद थांबते, पुन्हा 0.4 वाजते आणि मग 2 सेकंद गप्प. एका ‘ट्रिंग’मध्ये 20 टोले पडून गेलेले असतात. ही रचना अगदी जुनी आहे. ग्रॅहम बेलचा मदतनीस थॉमस वॉटसन याने 1878 च्या सुमाराला ती बसवली आणि पुढची शंभर वर्षं तिच्यात मूळचं असं फारसं काही बदललं नाही.

दोन वाट्यांचे सूर मुद्दाम थोडे वेगळे ठेवतात. एकाच सुराला कान लवकर सरावतो, दोन सूर आलटून पालटून आले की दुर्लक्ष करता येत नाही. तेव्हा ती घंटी त्रासदायक वाटते यात तिचा दोष नाही, तिला बनवलंच त्यासाठी आहे. त्यात आपली घरं. दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी, खोलीत एक लोखंडी कपाट. आवाज शोषणारं काहीच नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरत राहतो. त्याच घरात गाद्या-रजया रचलेल्या खोलीत फोन नेऊन ठेवा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

पट्टी करायची कशी? सविस्तर सांगा.

जुनी एक्स-रेची फिल्म घरोघरी पडलेली असते. तिची बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा. फिल्म पातळ असते, लवचीक असते, ताठही राहते आणि तिच्यातून वीज जात नाही. या कामाला याहून बरं काही सापडायचं नाही. पट्टीच्या एका टोकाला घोंगडीचा नखाएवढा तुकडा दुहेरी घडी करून चिकटवा. चिकटवायला पंक्चर काढायचं सोल्युशन घ्या. ते लोकर आणि फिल्म दोन्ही धरतं आणि नको झालं की सोलून निघतं.

आता फोनची जॅक काढा. भिंतीवरच्या जुन्या रोझेटवर, म्हणजे तारा जोडायच्या डबीवर, वायर स्क्रूने आवळलेली असेल तर तिथून सोडवा. फोन उलटा करा. पुष्कळ फोनच्या तळाला आवाज बाहेर पडावा म्हणून फटी असतात, आणि त्यांतून घंटीच्या वाट्या दिसतात. घोंगडीचं टोक फटीतून आत सरकवा आणि वाटीच्या कडेला हलकं टेकवा. कडेलाच टेकवायचं, मध्ये नाही. वाटी मधोमध स्क्रूने धरलेली असते, तिथे ती थरथरतच नाही. सगळी थरथर कडेला असते. मध्ये कितीही लोकर कोंबली तरी घंटी पहिल्यासारखीच वाजणार, आणि पट्टीत दम नाही म्हणणारे बहुतेक जण इथेच चुकलेले असतात.

हातोडी ज्या बाजूने आपटते त्याच्या समोरच्या कडेला लोकर लावा. हातोडीच्या वाटेत आली तर ती अडेल आणि फोन अजिबात वाजणार नाही. पट्टीचं दुसरं टोक दोन बोटं बाहेर राहू द्या. रात्री आत सरकवायची, सकाळी बाहेर ओढायची. जॅक लावून मोबाइलवरून रिंग द्या आणि ऐकून पट्टी थोडी मागेपुढे करा. लोकर जेमतेम टेकली की ‘ट्रिंग’चं ‘टिक टिक’ होतं. जोरात दाबली की नुसती खडखड ऐकू येते. तुम्हाला हवं ते या दोहोंच्या मध्ये आहे.

आमच्या फोनच्या तळाला फटीच नाहीत. मग?

मग वरचं कवच उघडावं लागेल. एकदा उघडलंच आहे तर पट्टीऐवजी हातोडीलाच टोपी घाला. सायकलच्या व्हॉल्वला जी बारीक रबरी नळी लागते, व्हॉल्व ट्यूब, तिचा अर्ध्या पेराएवढा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून हातोडीच्या टोकावर ओढून बसवा. धातूवर धातू आपटायचा तो आता रबर आपटतो. वाटी थरथरते, पण तिचे वरचे, टोचणारे सूर उठत नाहीत. खालचा सूर तेवढा राहतो. ऐकायला हा आवाज लोकरीच्या पट्टीपेक्षा गोड लागतो, असं माझं मत.

तोटा एकच. रात्री-सकाळी घालायची-काढायची सोय नाही. टोपी घातली की घंटी कायमची मवाळ. शिवाय टोपीने हातोडी जाड होते, तेव्हा वाटीशी असलेलं अंतर कमी पडू शकतं. हातोडी वाटीला चिकटून बसत असेल तर वाटी थोडी फिरवून घ्यावी लागते. ते पुढे सांगितलं आहे.

इतका खटाटोप न करता फोनखाली नुसता कपडा घातला तर?

आधी तेच करा. फोन लाकडी फडताळात किंवा पोकळ स्टुलावर ठेवला असेल तर ते लाकूडही फोनबरोबर वाजत असतं. खाली गोधडीची चौपदरी घडी घातली की तो वाटा बंद होतो. कोनाड्यात ठेवलेला फोन तर सगळा आवाज समोरच्या खोलीवर फेकतो. तो कोनाड्यातून काढून कोपऱ्यातल्या तिवईवर आणला तरी फरक पडतो. मात्र घडी जाड झाली तर तळाच्या फटी बुजतात आणि आवाज एकदम दबतो. तुम्हाला तेच हवं असेल तर प्रश्नच मिटला, पट्टी करूच नका.

एका वाटीला कापड गुंडाळलं, एक मोकळी ठेवली. आवाज निम्मा व्हायला पाहिजे ना? फरकच पडला नाही.

हिशेब बरोबर आहे, कान तो मानत नाही. एक वाटी बंद केली की आवाजातली ऊर्जा साधारण निम्मी होते, म्हणजे 3 डेसिबलची घट. कानाला आवाज निम्मा वाटायला मात्र जवळपास 10 डेसिबल कमी व्हावे लागतात, आणि त्यासाठी ऊर्जा दहाव्या हिश्श्यावर यावी लागते. म्हणून एक वाटी पुरती मुकी करण्यापेक्षा दोन्ही वाट्यांना थोडी थोडी लोकर लावणं फायद्याचं. एक वाटी बंद ठेवण्याचा उपयोग वेगळाच आहे: दोन सुरांची कुरकुर थांबते, एकच सूर उरतो आणि झोपमोड थोडी कमी होते. लातूरला शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांना लागून घरमालकाचा फोन असतो, तिथे हे पुरतं. पोरं तशीही कानात बोळे घालून बसलेली असतात.

वाटी फिरवली की आवाज कमी-जास्त होतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि ज्याला कवच उघडायची भीती नाही त्याने हे सगळ्यांत आधी करून पाहावं. कितीतरी फोनमध्ये वाटीचं भोक नेमकं मध्यावर नसतं, किंचित बाजूला असतं. मधला स्क्रू सैल करून वाटी फिरवली की तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते. लांब गेली की टोला हलका पडतो. फार लांब गेली तर टोला पोचतच नाही. फार जवळ आली तर हातोडी वाटीला टेकून राहते आणि घंटीऐवजी फटफट ऐकू येते. पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका, स्क्रू आवळा, रिंग देऊन ऐका, मग पुढे जा. स्क्रू सैल ठेवून कवच बसवलं तर दोन दिवसांत वाटी खडखडायला लागते. काही परदेशी बनावटीच्या फोनना याच कामासाठी तळाला चाक असतं. बेंगळुरूच्या आयटीआयमधून (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज), 1948 साली सुरू झालेल्या सरकारी कारखान्यातून, जे फोन आपल्याकडे आले त्यांत ते चाक शोधत बसण्यापेक्षा स्क्रू-ड्रायव्हर उचललेला बरा.

कापूस, स्पंज, फेविक्विक, एम-सील यांपैकी काही चालेल का?

कापसाचे तंतू सुटतात आणि चुंबकाच्या फटीत जाऊन बसतात. तिथे अडकलेला एक तंतूही हातोडीला जड होतो. स्पंज वर्षा-दोन वर्षांत चिकट पीठ होऊन वाट्यांवर सांडतो. फेविक्विक वाळून दगड होतो, त्याचा एक थेंब हातोडीच्या बिजागरीवर गेला की फोन भंगारात. एम-सीलने वाटी मुकी होते, पण कायमची. चांभाराकडचा मऊ चामड्याचा तुकडा मात्र उत्तम, घोंगडीइतकाच. आणि त्याला कसर लागत नाही, जी घोंगडीला हमखास लागते. घोंगडीच वापरणार असाल तर तुकडा आधी उन्हात चांगला तापवून घ्या.

शॉक बसेल का?

बसतो. तारेवर एरवी 48 व्होल्ट डीसी असतो, तो कोरड्या हाताला सहसा कळत नाही. पण तुमचे हात आत असताना कुणाचा फोन आला तर रिंगचे 75 व्होल्ट त्यावर चढतात आणि हात चांगलाच झटकला जातो. जिवाला धोका होण्याइतका तो सहसा नसतो. खरा धोका पुढचा: दचकून फोन हातातून सुटतो आणि बेकलाइटचं कवच शहाबादी फरशीवर फुटतं. ते कवच आता मिळत नाही. म्हणून जॅक काढल्याशिवाय फोन उलटासुद्धा करू नका. मृगाच्या आधी-नंतर वळवाचे ढग गडगडत असतील तर हे काम त्या दिवशी ठेवाच. खांबावरून आलेली तार वीज घरात आणते. हँडल फिरवून वीज तयार करणारा मॅग्नेटो फोन हौसेने ठेवला असेल तर त्यात हात घालताना कुणी हँडल फिरवणार नाही याची काळजी घ्या. घरात लहान पोरं असली की ती नेमकी तेच करतात.

आजोबांना ऐकू कमी येतं. घंटी हळू केली तर त्यांना कळेल का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि उत्तर बऱ्याच जणांना उलटं वाटतं. वय झालं की कानाचे उंच सूर आधी जातात, खालचे बरेच दिवस टिकतात. तुम्हाला जो भाग टोचतो, तो किणकिणता वरचा सूर, आजोबांना कदाचित आधीपासूनच ऐकू येत नसेल. ते घंटी ओळखतात ती खालच्या सुरावरून. हातोडीला रबरी टोपी घातली की वरचे सूर जातात आणि खालचा बराचसा राहतो. म्हणजे सुनेचं डोकं दुखायचं थांबतं आणि आजोबांना फोन कळतो. घोंगडीची पट्टी मात्र वाटीची थरथरच मारते, खालचा सूरही खाते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या घरात पट्टीपेक्षा टोपी बरी.

याच कारणाने बटणांच्या नव्या फोनची ती चिवचिव म्हाताऱ्यांना नीट ऐकू येत नाही. ती सगळी उंच सुरातच असते. घरच्यांना वाटतं, आबा मुद्दाम फोन उचलत नाहीत.

ज्यांना अजिबातच ऐकू येत नाही, किंवा बाळंतिणीच्या खोलीत घंटी पूर्ण बंदच हवी आहे, त्यांनी दिवा लावावा. निऑनचा बारीक दिवा आणि त्याला जोडून 100 किलोओहमचा रेझिस्टर घेऊन टेलिफोनच्या दोन तारांमध्ये लावला की रिंग आल्यावर तो लुकलुकतो. एरवीच्या 48 व्होल्टवर निऑन पेटत नाही, म्हणून तो उगाच जळत राहत नाही. भर उजेडात मात्र तो दिसायचा नाही, तेव्हा तो अंधाऱ्या कोपऱ्यात लावा.

माडीवरच्या फोनवरून नंबर फिरवला की खालचा फोन आपोआप टिंग टिंग करतो. बिघाड आहे का?

नाही. तबकडी परत येताना तार सेकंदाला साधारण 10 वेळा तोडते-जोडते. त्या झटक्यांनी खालच्या फोनमधला कंडेन्सर भरतो-रिकामा होतो, आणि तेवढी वीज कॉइलमधून जाऊन हातोडीला हलवते. घंटीला एक बारीक स्प्रिंग असते, तिचं कामच हे टिंगटिंगणं रोखायचं. ती सैल झाली असेल. तिला दुसरी खाच असेल तर त्यात अडकवा, आणि नसेल तर रबरी टोपी घाला. टिंग टिंग पुरतं जात नाही, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

वायरमध्ये रेझिस्टर टाकून आवाज कमी करता येत नाही का?

येतो, पण तो कुठे टाकता यावर सगळं आहे. कॉइलच्या तारेत, म्हणजे फक्त घंटीच्या शाखेत, 3 ते 5 किलोओहमचा 1 वॉटचा रेझिस्टर टाकला तर टोला मवाळ होतो. बाहेरून येणाऱ्या तारेत टाकला तर बोलणंच खोल जातं, आणि रिसीव्हर उचललेला एक्स्चेंजला कळतही नाही. शिवाय एक्स्चेंजपासून लांबच्या शिवारात रिंग आधीच अशक्त होऊन पोचते. तिथे रेझिस्टर टाकलात तर एखाद्या दिवशी घंटी वाजायचीच बंद होईल आणि आठवडाभर तुम्ही लाइनमनला शिव्या घालाल. सोल्डरिंग येत असेल तरच याच्या नादी लागा. पट्टीने जे होतं त्यासाठी कॉइलची तार कापायला मी तरी सांगणार नाही.

आता फायबर आलं. त्या डब्याला जुना फोन लावलाय, घंटी आपोआपच हळू झाली. हे कसं?

फायबरच्या डब्याला फोनचं जे भोक असतं त्यातून रिंग डबा स्वतः तयार करतो, आणि ती बहुधा एक्स्चेंजच्या रिंगपेक्षा कमी व्होल्टची असते. एक घंटी ती कशीबशी हलवते. दोन-तीन फोन एकाच तारेला लावले तर एकही धड वाजत नाही. अशा जोडणीवर पट्टी-टोपीच्या भानगडीत पडू नका, उलट वाटी हातोडीच्या थोडी जवळ आणा. बऱ्याच डब्यांना तबकडीचे झटकेही कळत नाहीत. फोन येतो, पण तुम्हाला तबकडी फिरवून लावता येत नाही.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. तांब्याच्या तारेचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, घरची लाइट गेली तरी तो वाजायचा. फायबरचा डबा घरच्या लाइटवर चालतो. आपल्या इकडं लोडशेडिंगचं काय सांगावं. डबा इन्व्हर्टरला जोडला नसेल तर फोन सर्वांत शांत असतो तो लाइट गेल्यावर.

फोन खात्याचा आहे, आमचा नाही. उघडला तर चालेल?

उघडू नका. पट्टी बाहेरून घालता येते, ती घाला. गोधडीची घडी घाला. कवच उघडायचं असेल तर लाइनमन आला की त्याच्याकडून करवून घ्या. जुन्या लाइनमनला वाटी फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि तो चहावर खूश असतो.

बटणांच्या फोनला हे चालतं का?

चालत नाही. त्यात घंटीच नसते, चकतीसारखा बझर किंवा छोटा स्पीकर असतो. बाजूला किंवा तळाला आवाजाचं बटण असतं, ते खाली करा. बटण नसेल तर बझरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावा.

पट्टी आणि टोपी किती दिवस टिकतात?

लोकर आणि चामडं वर्षानुवर्षं टिकतं. रबर मराठवाड्यातला एखादा उन्हाळा काढतं. पत्र्याच्या खोलीत फोन असेल तर मे महिन्यात व्हॉल्व ट्यूब चिकट होते, मग कडक होऊन तडकते, आणि घंटी पुन्हा पहिल्यासारखी खणखणायला लागते. पाऊस पडला की नवी टोपी घाला. जुनी काढताना हातोडीची दांडी वाकवू नका. नळी ब्लेडने उभी चिरली की आपोआप सुटते.

अडतीवर दिवसभर मोठा आवाज लागतो, दुपारी जेवणानंतर मालक तिथंच गादीवर आडवे होतात. तेवढ्यापुरतं काही?

पट्टीच. बाहेरचं टोक जरा जास्त लांब ठेवा आणि त्यावर लाल रंग लावा, म्हणजे पट्टी आत आहे की बाहेर हे लांबून दिसतं. आणि ती बाहेर ओढायचं काम हमालाला नाही, मुनीमजींना सांगा. भाव विचारायला ज्यांचे फोन येतात ते त्यांच्याच ओळखीचे असतात.